काढा, नानूकाका!

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, १९९९. हजर: मी, आठवलेवहिनी, त्यांचे दोन अल्बम आणि रामघाटचे नानूकाका. कॉम्प्युटरही हजर, पण ‘जागा नाही’ म्हणून अडून बसलेला.

नानूकाकांना फोटो पुसणं जमत नाही. रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला आणि इथल्या हिंदी मुलखातल्या मराठी घरांतले फोटो त्यात भरायला लागले. मुंजी, बारशी, राजा घाटावरची केळवणं. “एडजस्ट होऊन जाईल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टीसी असताना ते गच्च डब्यातही हेच म्हणायचे.

आज मात्र एडजस्ट होईना. वहिनी संध्याकाळच्या गाडीने कायमच्या नागपूरला निघाल्या होत्या, अल्बमही जाणार होते. मी पदर खोचून खुर्ची ओढली.

“हा हललेला आहे. नको.”

“हलला म्हणजे जिवंत माणूस आहे, सुधा!”

“मग सगळे लहान करा. कमी जागा घेतील.”

“जोगांची आजी आधीच एवढीशी. अजून किती लहान करू भई?”

“नानूकाका, फोटो काढा म्हणते ना!”

काकांनी कॅमेरा उचलला आणि वहिनींचा फोटो काढला.

“अहो, केस तरी सारखे करू द्यायचे!” वहिनी ओरडल्या.

“तीच म्हणाली, काढा.”

तेव्हापासून मी ‘पुसा’ म्हणायला लागले. एकाच वरातीचे एकसारखे फोटो पुसले. दर वेळी काका आधी हात जोडत. एका अल्बमपुरती जागा झाली. दुसऱ्यासाठी पुसायला काकांचेच फोटो उरले होते. संकठा घाटाच्या पायऱ्या, स्वेटर, छत्री, आणि एकातही डोकं नाही.

“यात तुम्ही गळ्यापर्यंतच आहात. हे पुसले की काम झालं.”

काकांनी माऊस सोडला. “शालूने काढलेत. तिला कॅमेरा सरळ धरता यायचा नाही.”

शालूकाकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली.

“काकूंचा फोटो कुठला?”

“ती कधी उभी राहिली नाही. म्हणायची, मी काढते, तुम्ही हसा.” काका पडद्याकडे बघत राहिले. “मी हसायचो. ते आलं नाही त्यात.”

मी कॉम्प्युटर बंद केला. वहिनींनी दुसरा अल्बम आपल्या ट्रंकेत न भरता टेबलावरच ठेवला.

“जागा झाली की पाठवून द्या,” त्या म्हणाल्या.

अजून पाठवायचा आहे.