तांडेलकाकांचं कोपर

तांडेलकाकांचं डावं कोपर कायम बाहेर असे. उजवा हात शहाण्यासारखा मांडीलगत, आणि डावा मात्र कमरेजवळ वाकवून असा धरलेला, की समोरून येणाऱ्याने मुकाट बाजूला व्हावं. आमच्या करंजाडेतल्या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचे त्यावर निरनिराळे तर्क होते. कुणी म्हणे हात आखडलाय, कुणी म्हणे जुनी सवय. तळमजल्यावरच्या देशमुखांच्या मते तो शुद्ध माज होता. देशमुख स्वतः दोन्ही हात खांद्याच्या वर फेकत चालत, त्यामुळे त्यांच्या मताला मी फारशी किंमत देत नसे.

काका माझे शेजारी. भिंतीला भिंत लागून. चाळीस वर्षं त्यांनी उरणच्या किनाऱ्यावरून स्वतःची होडी हाकली. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. होडी विकून ते मुलाकडे राहायला आले, तरी चौथ्या मजल्यावरून खाली उतरण्याआधी गॅलरीत उभं राहून वारा बघत. काहीही विचारलं तरी उत्तराच्या आधी एक वाक्य ठरलेलं, "पाणी बगून बोलतोय, बाय." मी शाळेत गणित शिकवते, पोरं मला टरकतात, पण काकांनी 'बाय' म्हटलं की मी निमूट ऐकून घेते.

गेल्या वर्षी त्यांना नागीण झाली. पुरळ गेलं, पण बरगडीखालची आग जाईना. अंगाला सदरा लागला तरी चटका बसल्यासारखे दचकत. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यावर पिवळी गोळी दिली. तिने दुखणं कमी झालं, पण सोबत चक्कर आली, झापड आली आणि पावलांवर सूजही आली. "ही पिवळी आग इझवते, पन डोक्यात लाटा सोडते," असं काकांचं निदान होतं.

त्यातच हिरूकाकू, म्हणजे त्यांची बायको, मंडईच्या पायरीवर पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं, गुडघा दुखावला. लेक त्यांना उरणला घेऊन गेली. घरात मुलगा आणि सून दिवसभर कामावर, आणि हा माणूस एकटा. तेव्हाच काकांनी जाहीर केलं, "न डुलता पाच फेऱ्या मारीन, तवाच हिरूला घरी आनीन." लेक तिला पाठवायला तयार होती, काकू यायला तयार होत्या. अडून बसले होते ते फक्त हेच.

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, पण सोबत कुणीतरी हवं, असं बजावलं. ते कुणीतरी म्हणजे मी. मलाही ब्लडप्रेशर, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती.

काकांचं चालणं म्हणजे होडी बाहेर काढण्याचा सोहळा. आधी पलंगावर दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, मग उठून भिंत धरून उभं राहायचं, मग डोळे स्थिर झाले की चप्पल. सपाता नाहीत, मागे पट्टा असलेली चप्पल. लादी ओली दिसली की मोहीम रद्द. उद्यानात प्रत्येक बाक म्हणजे बंदर, आणि डोकं जरा हललं की जवळच्या बंदराला लागायचं. देशमुख एकदा ओरडले, "अहो तांडेल, घाम निघेपर्यंत चाला, गोळीबिळी लागणार नाही!" काका बाकावर बसल्या बसल्या म्हणाले, "तुमी बिगर इंजिनाचं लय आवाज करता." देशमुख त्या दिवसापासून उलट्या दिशेने फेऱ्या मारू लागले.

पंधरा दिवसांत काका तीन फेऱ्यांवर आले. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, गाडी उलटी फिरली. तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. एका सकाळी तर त्यांनी गेटजवळच्या विजेच्या खांबाला मिठी मारली ती सोडेचनात. मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं.

"गोळी रात्री नऊलाच घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊला सुरू केली व्हती," काका म्हणाले. "मग अकरा दिस रोज पाऊन तास पुढं."

"पुढे? का?"

"भरती रोज पाऊन तास पुढं जाते. पिवळीची पन भरतीच हाय. तिची येळ तिला द्यायला नको?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. अकरा दिवस. म्हणजे आज पहाटे सव्वापाचला. मोबाईलचा गजर लावून, झोपेतून उठून या माणसाने गोळी घेतली होती, आणि साडेसहाला माझ्याबरोबर फिरायला आला होता. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काका, गोळीला चंद्र लागत नाही. रात्री नऊ म्हणजे रात्री नऊ. आणि चक्कर येते म्हणून रागाने एकदम बंदही करायची नाही. मी बघून कमी करेन." घराजवळ आल्यावर म्हणाले, "शिकलेली मान्सं बोलली, आता ऐकाया पायजे." जन्मभर पाळलेली भरती सोडणं त्यांना खरंच जड गेलं.

पण सोडली. डोसही थोडा कमी झाला. मार्चमध्ये परीक्षा संपल्या तेव्हा मी फेऱ्या झाल्या की बाकावर बसून पेपर तपासायला लागले होते. त्याच दिवसांत एका सकाळी काकांनी पाचवी फेरी पूर्ण केली. पाऊल सरळ, मान सरळ, कोपर बाहेर. मी टाळ्या वाजवल्या.

ते हसलेसुद्धा नाहीत. माझ्या शेजारच्या पिशवीकडे बोट करून म्हणाले, "यात काय हाय?"

"नववीचे पेपर. दोन वर्गांचे."

"जड हाय?"

"चारपाच किलो असतील."

"घाल." आणि त्यांनी ते डावं कोपर माझ्यापुढे केलं.

मी पिशवी अडकवली. ते सहाव्या फेरीला निघाले. मी मागोमाग गेले. कोपर खाली गेलं, पण माणूस डुलला नाही. बाकाशी परत आल्यावर ते बसले आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडे न बघता बोलले.

"हिरू घसरली नाय, बाय. मी डुललो. लय आग व्हती म्हनून पिवळी सांजेलाच घेतली, आनि तासाभरात मंडईत गेलो. तिनं माजा हात धरलेला. तिला कमी दिसतं, पायरी उतरताना सगळा भार माज्या हातावर टाकते. मी कलंडलो तो तिच्या अंगावर." मग म्हणाले, "दवाखान्यात तीच बोलली, माजा पाय घसरला. मना बोलूच दिलं नाय."

इतके दिवस ज्या कोपराला आम्ही सगळे हसत होतो, ते रिकामं नव्हतंच. मला स्वतःची लाज वाटली, आणि या म्हाताऱ्याबद्दल पोटातून माया दाटून आली.

रविवारी लेक काकूंना घेऊन आली. मी चहा घेऊन गेले. "आता कसं आहे मनगट?" मी विचारलं.

"बरं हाय गं. माजाच पाय घसरला ना, चपलेचा पट्टा तुटलेला," काकू घडाघडा म्हणाल्या. काका गॅलरीकडे तोंड करून वारा बघत उभे राहिले. मी चहा प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं उद्यानात गेलो. गेटशी दोन पायऱ्या आहेत. काका थांबले, डोळे स्थिर केले, कोपर पुढे केलं. काकूंनी हात घातला, जरा चाचपला, आणि म्हणाल्या, "येवडं उंच कशाला धरलंय? खाली घे."

काकांनी कोपर दोन बोटं खाली घेतलं, आणि दोघं पायऱ्या उतरली.