एक वाजून चार मिनिटांची हरकत

शहरातल्या नाइटक्लबांत रात्री एकनंतर कुणालाही आत घेऊ नये, असा नियम करायचे परवाना विभागाने ठरवले. आत असलेल्याने हवे तर पहाटेपर्यंत आत राहावे, बाहेर पडलेल्याने मात्र बाहेरच राहावे, असा मसुद्याचा सारांश होता. मसुदा करणाऱ्या समितीचे पाचही सभासद रात्री साडेनऊला झोपणारे असल्यामुळे त्यांचे मत क्लब पाहून कलुषित झालेले नव्हते. भांडणे क्लबच्या दारात होतात, दार बंद असले की दारात कुणी नसते, आणि कुणी नसले की भांडण होत नाही, असे सरळ गणित त्यांनी मांडले होते.

मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवणे कायद्याने भाग होते. ते काम आवक कारकुनाकडे आले. हे गृहस्थ एकतीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून येईल त्या कागदावर तारखेबरोबर तास आणि मिनिटही लिहीत आले होते. मिनिट लिहा असे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पण एकदा लिहिले, कुणी थांबवले नाही, तेव्हा ती पद्धत झाली. ऑफिसात सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे.

घरी त्यांना दादा म्हणणारी धाकटी बहीण होती. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुवायची. रात्री साडेबाराला पाळी संपली की शेवटची बस पकडून ती सव्वाला एका क्लबात पोचे आणि पहाटेपर्यंत ट्रम्पेट वाजवी. दुसऱ्यांच्या आजारपणाचे डाग काढून विटलेला तिचा जीव तिथे कुठे थाऱ्यावर येई. मसुद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द होते. वाजवणारी बाईसुद्धा व्यक्तीच, हे काकांनीच तिला जेवताना नीट समजावून सांगितले.

“म्हणजे ऐकणारे आत आणि मी बाहेर?” तिने विचारले.

“मग हरकत घे. लेखी, दोन प्रती, समक्ष. सुनावणी अकरा ते पाच.”

“मी पहाटे पाचला झोपते, दादा.”

“म्हणून तर पाचपर्यंत ठेवलीय.”

इथवर सगळे रीतसर चालले होते. पण सुनावणीच्या आदल्या दिवशी ती घेणाऱ्या विभागाच्या साहेबांना सद्बुद्धी झाली. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडे राहू नये, जो नियम दुसऱ्याला लावायचा तो आधी स्वतःला लावून पाहावा, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी प्रायोगिक आदेश काढला: सुनावणीच्या दिवशी दुपारी एकनंतर ऑफिसातही प्रवेश बंद, आणि बाहेर पडलेल्याला परत आत घेणे नाही. दारावर कोणाला उभे करायचे, यावर चर्चा झाली नाही.

विरोध दांडगा होता. हॉटेलांतले स्वयंपाकी, नर्स, टॅक्सीवाले, नाटकांचे दिवे सांभाळणारे, ज्यांच्या जागरणावर शहर झोपते ते सगळे हरकत घ्यायला निघाले. मात्र ते झोपून उठले बाराला, तोंड धुऊन निघाले साडेबाराला, आणि एकच्या आत पोचले त्यांतले सात. बाकीचे दोनशे आले तेव्हा दाराची एक फळी लागलेली होती आणि दुसरीत घड्याळकाका उभे होते.

बहीण आली ती एक वाजून चार मिनिटांनी. केस विंचरायचे राहिले होते, दोन्ही प्रती तिने छातीशी धरल्या होत्या.

“बस चुकली, दादा. चारच मिनिटं झालीत.”

काकांच्या हातात पेन होते. वही शेजारच्या स्टुलावर उघडी होती. बारा एकोणसाठ लिहायला काही जास्त शाई लागत नाही, हे त्यांना दिसत होते. या पोरीला त्यांनीच कडेवर घेऊन वाढवले होते. पण एकतीस वर्षांत त्यांनी एक मिनिटही खोटे लिहिले नव्हते, आणि माणसाला अभिमान बाळगायला शेवटी दुसरे होते तरी काय.

“तुला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल,” ते म्हणाले.

“मग सोड ना सगळ्यांना.”

मुद्दा बिनतोड होता, पण तो लेखी नव्हता. काकांनी मान फिरवली. गर्दीत तिच्या क्लबचा दारवान होता, दारात मावणार नाही एवढा आडवा माणूस. तो हळू आवाजात म्हणाला की वीस वर्षे आपण दार सांभाळतो आहोत, भल्याभल्यांना परत पाठवले आहे, पण असे दार काही आपल्याला जमले नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी साहेब जेवून आले. काकांनी त्यांनाही अडवले. साहेब संतापतील, आदेश जागच्या जागी फाडतील आणि त्यांच्यामागून बहीणही आत येईल, अशी वेडी आशा काकांच्या मनात होती. पण साहेब चिडले नाहीत. नियमाचा अनुभव बाहेरूनच घ्यायला हवा, असे म्हणून ते सावलीत लावलेल्या गाडीला टेकून उभे राहिले.

आता पेच असा झाला. साहेबांसमोर मांडली तरच हरकत; एरवी तो नुसता कागद. सात जण आत होते, पण ते पोचले तेव्हा साहेब जेवायला बाहेर पडले होते. साहेबांना गाठायला बाहेर पडावे, तर बाहेर पडलेला माणूस सुनावणीला गैरहजर ठरे. बाहेरचे दोनशे साहेबांच्या अगदी समोर होते, पण ते सुनावणीच्या जागी नव्हते. पाच वाजेपर्यंत सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग साहेबांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून अहवाल लिहिला. विहित वेळेत, विहित जागी, सक्षम अधिकाऱ्यासमोर एकही हरकत आली नाही. सबब नियम सर्वानुमते मंजूर. खाली दारावरील कर्मचाऱ्याच्या निष्ठेचा खास उल्लेख होता.

नियम लागू झाला. क्लबात हल्ली सव्वाला लोक आत असतात आणि वाजवणारे बाहेर. एकदा बाहेर पडले की परत जाता येत नाही, म्हणून कंटाळलेले लोकही पहाटेपर्यंत बसून राहतात. त्याची नोंद ‘वाढता प्रतिसाद’ अशी झाली आहे. बहिणीचे ट्रम्पेट कपाटावर गेले. ती आता पाळी संपवून थेट घरी येते, सव्वाला पोचते, आणि दादाशी कामापुरते बोलते.

एवढ्या यशानंतर विभाग थांबणे शक्य नव्हते. तीन महिन्यांत नवा मसुदा आला: रात्री एकनंतर राहत्या इमारतींतही प्रवेश बंद. सूचना जिन्यात चिकटवली होती. काकांनी ती दोनदा वाचली. साडेबाराची पाळी, सव्वाची वेळ, हे गणित त्यांना समितीपेक्षा लवकर सुटले. त्या रात्री त्यांनी आयुष्यातली पहिली हरकत लिहिली, दोन प्रतींत.

या सुनावणीलाही ऑफिसचे दार एकला बंद होणार होते. अर्जदाराने स्वतः दारावर उभे राहणे नियमात बसेना, म्हणून त्या दिवसापुरता दुसरा माणूस नेमला. क्लबच्या दारवानाची नोकरी तोवर गेलीच होती, तोच मिळाला. काकांनी खासगी कामासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्धी रजा एकला सुरू होते. बरोबर एकला ते खुर्चीवरून उठले, मागच्या जिन्याने उतरले आणि वळसा घालून लोकांच्या दाराशी आले.

“एक वाजून चार मिनिटं, काका,” दारवान म्हणाला. त्यालाही वाईट वाटले असावे.

काकांनी वाद घातला नाही. मिनिट बरोबर लिहिले आहे ना, एवढे वाकून पाहिले आणि ते घरी गेले, बहिणीसाठी इमारतीच्या दाराबाहेरच्या पायरीवर काय अंथरता येईल याचा विचार करत.

ती सूचना तुमच्याही जिन्यात लागली होती. किराणा घेऊन वर जाताना तुम्ही ती वाचली, आपण कुठे एवढ्या रात्री बाहेर असतो, असे म्हणालात आणि दार लावून घेतलेत. तुमचे हे मत ‘हरकत नाही’ या सदरात वेळेत नोंदवले गेले आहे.