चाळीस पावलं मागे

कोराडीहून येणाऱ्या स्टाफ बसमधून मी आणि भोयर धरमपेठेतल्या एकाच थांब्यावर उतरत असू. गल्लीही एकच. पण आम्ही कधी बरोबर चाललो नाही. भोयर माझ्या चाळीस पावलं मागून येत. मी थांबलो की तेही थांबत आणि पेपर उघडून त्याच्याआड उभे राहत. पावलं मी मोजलेली आहेत. वीजकेंद्राच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिण्यात माझी नोकरी गेली. अंदाजाने बोलायची मला सवय नाही.

पाठलागाचं हे वेड रविवारच्या सकाळच्या खेळातून आलं. नागपुरात तेव्हा टीव्ही नव्हता. रविवारी जुने इंग्रजी सिनेमे लागत. भोयर त्यातले एकाच जातीचे पाहत आणि त्यांना 'काळे पिक्चर' म्हणत.

"काळ्या पिक्चरचे कायदे असतात, पाठकजी," ते सांगत. "माणूस पहिल्याच मिनिटाले सांगून देते, का माझं वाटोळं झालं, आता कसं झालं ते ऐका. बाईनं सिगरेट पेटवायले काडी मागितली, का समजून जा. गुप्तहेर मार खाते आन् गरीबच राहते. आन् पाठलाग करणाऱ्यानं कधी पुढं जायचं नाही."

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. दीड तासात एकतीस सिगरेटी पेटल्या. पुऱ्या उजेडाची खोली एकच दिसली, तीही पोलीस ठाण्याची. बाकी सगळ्यांच्या तोंडावर खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या.

"घरात दिवे आहेत, मग लावत का नाहीत?" मी विचारलं.

"लावले तं खरं दिसन ना जी."

सबंध शहराला वीज पुरवणाऱ्या केंद्रातला हा माणूस घरी पंचवीस वॅटचा एकच बल्ब लावून त्याखाली येरझाऱ्या घालीत असे. बायको वारलेली, त्यामुळे बोलणारं कोणी नव्हतं. बसमध्येही एका फेरीत तीनदा जागा बदलत.

"आपला घात होणार हे त्या नायकाला आधीच कळतं. मग जातो कशाला?" मी म्हणे.

"तेच तं. माहीत असते, तरी जाते. काहून जाते, सांगा."

धरमपेठेत पाठलाग जमणं कठीण. कडुलिंबामागे लपलेल्या माणसाला पानठेल्यावरून हाक येते, "काका, आज कोणाच्या मागं हाये जी?"

"चूप बस ना गा," पेपरामागून उत्तर येई. "ड्युटीवर हावो मी."

दिवाळीनंतर ते माझ्या मागे येईनासे झाले. दोन वर्षं मागे कोणी असण्याची सवय. मला चुकल्यासारखं होऊ लागलं. एका संध्याकाळी मीच त्यांच्या मागे गेलो.

ते मुलींच्या शाळेसमोर थांबले. साडेपाचला शाळा सुटली आणि एक शिक्षिका बाहेर पडली. ती सुनंदा, त्यांची एकुलती मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा भोयरांनी साऱ्या गल्लीदेखत शपथ घेतली होती की तुझं तोंड पाहणार नाही. ती पुढे निघाली, हे मागे. ती घरात शिरली, दार लागलं. भोयर वळले, तर समोर मी.

"चुकले तुमी, पाठकजी. पंचवीस पावलांवर होते. मले चाहूल लागली."

"हाक मारा तिला."

"तोंड नाही पाहणार म्हणलं होतं ना जी. पाठीचं काही बोललो नव्हतो." मग पेपराची घडी मोडत, पुन्हा घालत म्हणाले, "आन् हाक मारली आन् तिनं दार लावून घेतलं तं? मग मले हेबी नाही भेटणार."

पुढचे आठ दिवस मी दोघांच्या मागे राहून घड्याळ लावलं. शाळेपासून तिचं घर माझ्या चालीने नऊ मिनिटं. सुनंदाला बावीस लागत. वाटेत ती दोनदा वाकून चपलेचा पट्टा नीट करी. पट्टा धड होता. भाजीच्या गाड्याशी थांबून भाव विचारी आणि काही घेत नसे. भोयरांचा उजवा गुडघा धरलेला असे, आणि ती थांबे तेव्हा ते नेमके फार मागे पडलेले असत. वळून तिने एकदाही पाहिलं नाही.

हे आकडे भोयरांना सांगावेत की नाही, ते ठरेना.

मग एके दिवशी आमची बस पस्तीस मिनिटं उशिरा पोचली. भोयर वाटभर दांड्याला धरून दारातच उभे होते. उतरले ते लंगडत, जवळजवळ धावतच निघाले. "गेली असन ती," एवढंच म्हणत होते. मीही मागोमाग.

शाळा ओस पडली होती. शिपाई फाटकाला कुलूप लावत होता. फाटकाबाहेर सुनंदा एकटीच उभी होती, रस्त्याकडे पाठ करून.

भोयर थबकले. दम लागलेला. खोकला आवरला नाही.

तो ऐकून तिने पर्स खांद्याला लावली आणि वळून न पाहता चालू लागली. अगदी सावकाश.

भोयरांनी काखेतला पेपर काढला. उघडला नाही, माझ्या हातात दिला आणि निघाले. मी जागेवरच राहिलो. ती भाजीच्या गाड्यापाशी थांबली, तेव्हा दोघांमधलं अंतर मी मोजलं.

अकरा पावलं.