घावन्याचं होय म्हाराजा

रविवारी दुपारी जेवून लवू परब आडवा झाला की घावन्याही त्याच्या पायाशी आडवा होई, आणि मग दोघं मिळून स्वप्नं बघत. लवूचं स्वप्न कुणाला दिसत नसे, कारण तो तोंडावर वर्तमानपत्र पसरून झोपे. घावन्याचं मात्र उघड्यावर चाले. आधी मिशा थरथरत, मग पुढचे पाय हवेत धावू लागत आणि शेवटी मिटल्या तोंडातून "हुप्, हुप्" असे दबके आवाज येत. त्या आवाजाने लवू जागा होई आणि उशाला हात घेऊन ते बघत पडे.

"बघ, बघ गो," तो बायकोला हळूच म्हणे, "आता तो टेकडी चढता हा. ससो दिसलो तेका."

"ससो दिसलो ता तुमका कसा कळला?"

"शेपटी बघ मगे."

"कुत्र्याचा स्वप्न तुमी जागे रवान बघतास," प्रेमा तांदूळ निवडता निवडता म्हणे, "आणि मी बोलूक लागलंय काय तुमका झोप येता."

यावर लवू वर्तमानपत्र पुन्हा तोंडावर ओढून घेई.

घावन्या त्यांच्या घरी आला तोच मुळी स्वप्नातून. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं आरे कॉलनीत फिरायला गेले होते. प्रेमाने बरोबर आणलेली भाजीभाकरी खाऊन लवू झाडाखाली लवंडला, आणि पोटावर काहीतरी ऊबदार बसलंय असं त्याला स्वप्न पडलं. डोळे उघडले तर पोटावर खरोखरच पिल्लू झोपलेलं. पांढरं अंग आणि त्यावर बारीक बारीक ठिपके, अगदी तव्यावरून काढलेल्या जाळीदार घावनासारखे. प्रेमा इतकी हसली की लवूला ते पिल्लू तिथे सोडून यायचा धीर झाला नाही. पिशवीत घालून त्यांनी ते भांडुपला आणलं. तेव्हापासून ते पुन्हा तिकडे फिरकले नव्हते, ही गोष्ट लवू विसरला होता आणि प्रेमा विसरली नव्हती.

भांडुपच्या टेकडीखालच्या त्या बैठ्या चाळीत सगळी मालवणकडची माणसं. चाळीच्या तोंडाशी उंबराखाली एक शेंदूर लावलेला दगड होता. तो चाळीचा राखणदार. आणि त्या राखणदाराशी चाळीच्या वतीने बोलायचं काम महादूतात्यांचं. हे बोलणं म्हणजे गाऱ्हाणं, सगळ्यांसाठी एकाने देवाला घातलेलं साकडं. तात्यांनी एकेक मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. तात्यांचा आवाज गिरणीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर मात करून तयार झालेला. त्यांच्या जोडीची माणसं होती तेव्हा "होय म्हाराजा" म्हटलं की पत्रे हादरत म्हणे. आता ती माणसं रिटायर होऊन गावी गेली, आणि उरलेली तरुण मंडळी कानाला ट्रान्झिस्टर लावून, शाळेत हजेरी देतात तसं "होय म्हाराजा" म्हणत. तात्या त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण गाऱ्हाणं संपवून घरी जाताना त्यांची मान खाली असे.

त्या वर्षी माघात चाळीची सत्यनारायणाची पूजा झाली आणि तात्या गाऱ्हाण्याला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"होय म्हा..." मंडळी पुटपुटली, तेवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला, "भो!"

घावन्या उंबऱ्यावर ताठ बसला होता. तात्यांनी डोळे वटारले आणि पुढचं वाक्य म्हटलं. वाक्य संपलं, तात्यांनी श्वास घेतला आणि नेमका त्याच फटीत पुन्हा "भो!" तिसऱ्या वाक्याला मंडळींनी साथ सोडून दिली, कारण कुत्रा जास्त चांगली देत होता. चौथ्या वाक्याला बायका तोंडाला पदर लावून वाकल्या आणि चाळीचा सेक्रेटरी चंद्रप्रकाश याच्या हातातलं तीर्थाचं भांडं त्याच्याच पँटीवर उपडं झालं. तात्यांनी नारळ खाली ठेवला आणि गाऱ्हाणं अर्धवट टाकून ते घरी निघून गेले. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

अर्धं राहिलेलं गाऱ्हाणं वाईट, हे मालवणी माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुधाच्या केंद्रावर चाळीपुरतंच दूध संपलं. मग चंद्रप्रकाश नाटकाच्या तालमीत स्टेजवरून खाली पडला आणि नाकाला पट्टी लावून आला. एरवीही नळाला पाणी येत नसे आणि चंद्रप्रकाश याआधीही स्टेजवरून पडला होता, पण आता सगळ्याचं कारण सापडलं होतं.

"लवू, आयक," तात्या दारात उभे राहून म्हणाले. "येत्या रविवारी राखणदारासमोर उरलेला गाऱ्हाणा पुरा करूचा हा. आणि तेच्यात मी तुझ्या कुत्र्याचा मागणा घालतलंय. जंयसून हाडलंस थंय, आरे कॉलनीत, तेका परत धाडूचा. चाळीन एकदा 'होय म्हाराजा' म्हटला, काय मगे कोणाचा चालणा नाय."

"आणि चाळ गप रवली तर?" लवूने घाबरत विचारलं.

"गाऱ्हाण्याक चाळ कशी गप रवात?" तात्या म्हणाले आणि गेले.

लवूला त्या रात्री स्वप्न पडलं नाही, कारण तो झोपलाच नाही. सकाळी मात्र तो उठला आणि जन्मात प्रथमच दारोदार फिरला. एकच विनंती : तात्या कुत्र्याचं वाक्य म्हणतील तेव्हा तेवढ्यापुरतं तोंड उघडू नका. कुणीच नाही म्हटलं नाही. घावन्या पहाटे बायकांना नळापर्यंत सोबत करी, पोरांच्या पतंगांमागे धावे, कुणाच्या घरी तापाने कुणी पडलं तर त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसे. चंद्रप्रकाशने तेवढे आढेवेढे घेतले.

"माझ्या नाकाचं काय पण, लवू?"

"चाय पाजतंय."

"डबल घेईन यार," चंद्रप्रकाश म्हणाला आणि मामला मिटला.

आता प्रश्न उरला घावन्याचा. त्याने ऐन गाऱ्हाण्यात पुन्हा तोंड घातलं तर तात्या पेटतील. लवूने युक्ती काढली. "म्हाराजा" हा शब्द आला की घावन्याच्या तोंडात खारी बिस्किट द्यायचं, म्हणजे तोंड भरलेलं राहील. त्यासाठी रोज संध्याकाळी दार लावून खोटं गाऱ्हाणं सुरू झालं. लवू कारखान्यातून येई, हातपाय धुई आणि नारळाऐवजी तांब्या धरून उभा राही.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरच्या धनिणीच्या हाताक अशीच चव रवांदे, पण सुक्यात मीठ जरा बेतान पडांदे, म्हाराजा!"

"भो!" आणि बिस्किट.

प्रेमाने त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला. "मीठ जास्ती पडता तर आदी कधी बोललास नाय तो! थांबा, आता माझा आयका. बा देवा म्हाराजा! ह्या माणसाक तोंड दिलंस, आता जरा बायकोवांगडा बोलाची बुद्धी पण दे, म्हाराजा!"

"भो!"

लवूने तांब्याला पुन्हा हात घातला. "बा देवा म्हाराजा! प्रेमा हसता तेवा बरी दिसता, ता मी सांगूक विसारतंय, म्हाराजा!"

या खेपेला "भो" झालं, पण बिस्किट कुणीच दिलं नाही. तांब्या दोघांच्या हातात तसाच राहिला. बाहेर टेकडीवरून धुकं उतरत होतं, कुणाच्या तरी चुलीवर बांगडा भाजल्याचा वास येत होता, आणि लवूला वाटलं की आपण जागे आहोत की झोपेत हे आता कुणी विचारू नये. घावन्याने शेवटी त्याच्या गुडघ्यावर पाय ठेवून बिस्किटाची आठवण करून दिली.

पुढच्या संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की घावन्या आता बिस्किट खाऊन गप्प राहत नाही, बिस्किट मिळावं म्हणून भुंकतो. पण तोवर खेळात इतकी मजा यायला लागली होती की तो थांबवायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

रविवारी दुपारी घावन्याला पोटभर भात घातला, तो गाढ झोपलेला बघून दार ओढून घेतलं आणि दोघं उंबराखाली आले. सगळी चाळ जमली होती. तात्यांनी नारळ उचलला.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा! अर्धा रवलेला गाऱ्हाणा पुरा करूक तुझी लेकरां इली हत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकरांका नळाचा पाणी येळेर मेळांदे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे जरा मोठ्याने आलं.

"आणि ज्या कुत्र्यान तुझ्या गाऱ्हाण्यात तोंड घातल्यान, तेका जंयसून हाडल्यानी थंय परत धाड, म्हाराजा!"

कुणी बोललं नाही. उंबराचं एक पान पडलं, तेसुद्धा ऐकू आलं. तात्यांनी मान वळवून एकेकाकडे पाहिलं. एकेकाने खाली पाहिलं. आपलं काम झालं असं लवूला वाटलं.

आणि लवूच्या घराचं दार करकरलं. घावन्या अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, स्वप्नाच्या बाहेर एकेक पाय काढत आला, गर्दीतून वाट काढून तात्यांच्या पायाशी बसला, वर तोंड केलं आणि म्हणाला, "भो!"

चाळीतल्या सगळ्या माणसांना लवूने सांगितलं होतं. फक्त घावन्याला सांगायचं राहिलं होतं.

"मेल्या," तात्या थक्क होऊन म्हणाले, "मी तुका घालवूक सांगतंय आणि तू 'होय' म्हणतंस?"

"भो!" घावन्याने शेपटी हलवली.

"खल्लास!" चंद्रप्रकाश पट्टीतून बोलला. "आरोपीनेच कबूल केलं. आता कोण काय करणार?"

लवू पुढे झाला. "तात्यानु, तुमी काय मागतास ता तेका कळणा नाय. तुमी मागतास म्हणजे बराच मागतास, इतक्याच तेका वाटता."

तात्यांनी त्या वर केलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी नारळ पुन्हा कपाळाला लावला. आवाज मात्र गिरणीतला राहिला नव्हता.

"बा देवा म्हाराजा! मागचा वाक्य मी परत घेतंय. म्हाताऱ्याचा गाऱ्हाणा आयकाक आता माणसांका येळ नाय. ह्या मुक्या जिवान स्वताच्या वायटाकसुद्धा होय म्हटल्यान. तेका हयच, ह्या चाळीत, सुखान ठेव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" चाळ अशी गरजली की उंबरावरचे कावळे उडाले आणि पलीकडच्या चाळीतली माणसं काय झालं म्हणून धावत आली. तात्या डोळे पुसत हसले. एवढ्या आवाजाने घाबरलेला घावन्या त्यांच्या धोतरात शिरला, आणि स्वतःच्या भल्याच्या मागण्याला तेवढं त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही.

त्यानंतर घावन्याचे दिवस पालटले. मुलुंडपर्यंत कुणाकडेही पूजा असली की तात्या त्याला बरोबर नेत. घावन्या कपाळाला कुंकू लावून पहिल्या रांगेत बसे, आणि कुत्र्यापुढे आपण कमी पडू नये म्हणून माणसंही ओरडून साथ देत. येताना त्याला खोबरं आणि शिरा मिळे. लवू मात्र रविवारी दुपारी एकटाच झोपू लागला.

एका रविवारी घावन्या लवकर परतला आणि शिऱ्याने जड होऊन मालकाच्या पायाशी पसरला. दोघांनाही झोप लागली. प्रेमा उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती. ऊन परसातल्या अळवावर पडलं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा! ह्या माणसाक पुढच्या आयतवारी झोप येव नको, आणि तेंनी माका परत आरे कॉलनीत फिराक न्हेव दे, म्हाराजा!"

घावन्याने एक डोळा उघडला. तिच्या हातात बिस्किट नव्हतं. त्याने डोळा मिटून घेतला. आता तो फुकट गाऱ्हाणी घेत नसे.

"होय म्हाराजा," वर्तमानपत्राखालून आवाज आला.

प्रेमाने चटकन उठून वर्तमानपत्र उचललं. लवू गाढ झोपेत होता. त्याच्या मिशा थरथरत होत्या आणि चादरीखाली त्याचे पाय चालायला लागले होते.