चिठ्ठी लावलेलं वांगं

"मामा, एकेका वांग्याला चिकटवायची. एकबी सुटता कामा न्हाय," असं म्हणून ज्ञानेश्वरीनं सासऱ्याच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. चंपाषष्ठीच्या आदल्या सकाळी, ऐन बाजाराच्या वक्ताला, साठी ओलांडलेला धुळाप्पा अणदुरात वांग्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बसला.

चातुर्मास लागला की अर्धं गाव वांगं सोडतं आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा धरतं. त्यामुळं आदल्या दिवशी वांगं दिसलं की लोकांना दम निघत नाही. धुळाप्पाचा अख्खा हंगाम या एका दिवसावर उभा. वीस वर्षं त्याची वांगी दुपारच्या आत संपत आली होती, आणि गावाच्या नैवेद्यात आपलंच वांगं असतं याचा त्याला असा काही ताठा होता की सोय नाही. यंदा त्यानं चाळीस कॅरेट भरून आणले होते.

सून शेतकीची पदवी घेतलेली. पिकाच्या जनुकात बदल केला असेल तर तसं खाण्याच्या वस्तूवर छापावं की नाही, यावर शहाणीसुरती माणसं भांडत असतात, ती सगळी भांडणं तिनं मोबाईलवर वाचली होती. आपण काय खातो ते माणसाला कळलंच पाहिजे, असं तिचं मत पडलं. मत पडून थांबलं असतं तर बरं होतं. तिनं चिठ्ठ्याच छापून आणल्या: 'या वांग्यात जनुकीय बदल केलेला नाही.'

पहिली आली इरम्मा. इरम्मानं पिशवी उघडली की मागच्या वीस बायका उघडतात, एवढी तिच्या पारखीची पत होती.

"हे काय डकवलंय रं, धुळाप्पा?"

"ह्यात काय बदल केल्याला न्हाय, असं लिवलंय," धुळाप्पा ऐटीत म्हणाला.

"केलाय म्हणून कोण म्हणलं व्हतं?"

धुळाप्पानं सुनेकडं पाहिलं.

"काकू," ज्ञानेश्वरी पुढं सरसावली, "दुसऱ्या जीवातला एखादा गुण काढून वांग्याच्या बियाण्यात घालता येतो. तसं आमी काय केल्यालं न्हाय."

"मंजी समोरच्या बसवराजनं केलंय?"

"न्हाय वो! त्यांच्यात बी न्हाय. आपल्या देशात तसलं वांगं पिकवायला परवानगीच न्हाय."

"कुणाच्यातच न्हाय, तर तुमीच तेवढं कामून लिवलं?" इरम्मानं कमरेवर हात ठेवले. "उद्या म्या शेळी इकाया काढली आन् तिच्या गळ्यात 'ही चोरीची न्हाय' म्हणून पाटी बांधली, तर घेशील का तू?"

मागच्या वीस पिशव्या मिटल्या. बघता बघता पन्नास माणसं जमली आणि एकानंही वांग्याला हात लावला नाही. धुळाप्पाच्या कपाळावर घाम आला. "पुरावा दाखीव की पोरी," तो कुजबुजला.

पोरीनं पुरावा दिला. तिला खोटं बोलता येत नव्हतं, हाच घोटाळा होता. "बदल केलेलं वांगं खाल्लं की अळी मरती," ती मोठ्यानं म्हणाली. "साध्या वांग्यात अळी सुखानं जगती."

इरम्मानं एक वांगं उचललं आणि कडकन मोडलं. अळी नाही. दुसरं मोडलं. तिसरं. पांढराशुभ्र गर, बाळाच्या गालासारखा.

"एक बी अळी न्हाय!" इरम्मा ओरडली. लोक दोन पावलं मागं सरले.

अळी असणार कुठून? धुळाप्पानं चार महिने पतंग धरायचे सापळे लावले होते, किडका शेंडा दिसला की हातानं खुडला होता. हे तो छाती बडवून सांगत असतानाच समोरून आरोळी आली.

"या, या! जित्या अळीचं वांगं!"

बसवराज हा भावकीत सगळ्यात आळशी शेतकरी. त्यानं पिकाकडं ढुंकून पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं त्याच्या वांग्यांत अळ्यांची भरलेली गावं होती. एका भोकातून बाहेर डोकावणारी अळी तो सगळ्यांना दाखवत होता. गर्दी तिकडं फुटली. बायका भोकं मोजून वांगी निवडू लागल्या. कुणाला एका भोकाचं वांगं आलं तर ती कुरकुर करायची.

धुळाप्पानं खिळा घेतला आणि गुपचूप आपल्या वांग्याला भोकं पाडायला लागला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "भोक हाय, पर अळी कुठंय?"

"भाईर गेलीया," धुळाप्पा म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला लाज वाटली. वीस वर्षांत वांग्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता.

दोन वाजता बसवराजची वांगी संपून फडकं झटकूनही झालं. भोकं पाडलेला एक सोडला तर धुळाप्पाचे एकोणचाळीस कॅरेट तसेच होते. तो मटकन खाली बसला. गावाच्या नैवेद्यात यंदा आपलं वांगं नाही, या विचारानं त्याला खरोखर रडू येऊ लागलं होतं. तेवढ्यात उपरण्यानं तोंड झाकून एकजण हळूच शेजारी येऊन टेकला. तो बसवराज होता.

"दोन किलो दे की," तो कानाशी पुटपुटला. "घरी नैवेद्य हाय."

"आन् तुझी वांगी?"

"किडकं वांगं देवाफुडं ठिवलं तर बायको हाणंल मला. लवकर दे, कुणी बघंल."

धुळाप्पानं तागडी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "देतो. पर मोठ्यानं माग."

"गड्या, असं नगं करू."

"मोठ्यानं. त्या पिंपळापतोर आयकू जायाला पायजे."

बसवराजनं डोळे मिटले. "धुळाप्पा, दोन किलो वांगी दे!"

"कसली?"

"बिनअळीची!"

अख्खा बाजार वळला. हशा असा फुटला की पारावरची कुत्री उठून पळाली. बसवराज उपरणं सावरत निघून गेला. त्याच्या मागोमाग बायका आल्या, पदराआड भोकाभोकांची वांगी लपवत, एकमेकींकडं न बघता. इरम्मा सगळ्यात पुढं होती.

"पाच किलो कर," ती म्हणाली. ज्ञानेश्वरीनं हसतमुखानं वांगी तागडीत टाकली.

"आन् पोरी, ती चिठ्ठी काढून दे," इरम्मा म्हणाली. "देवाला वाचून दाखवायची व्हय?"