समुद्राच्या गाळाची नळी उलटी केली, त्याची हकीकत

ज्याच्या पोटी सर्व राज्यांची माती समान होते, त्या रत्नाकरास वंदन करून लिहितो. शके सतराशे बहात्तर, साधारणनाम संवत्सरी ऐसे वर्तले की, समुद्रकाठी जलमहाल उठवावा ऐसे श्रीमंत महाराजांचे चित्ती आले, आणि कोळीवाड्याचे बांधाकरिता आणविलेले दगड त्या कामी लावावे ऐसी आज्ञा जाली, आणि कोळियांचा प्रमुख पोसा नाखवा पायां पडोन बोलिला, "म्हाराज, दर्या दर साली वर चढतोय. बांध नसला तर वाडा बुडंल." मग खरे-खोटे पाहावयास महाराजांनी धुंडिराजशास्त्री यांस नेमिले. शास्त्रीबुवांनी समुद्रतळी नळी रोवून गाळ थरांसह उभाच काढविला, आणि थराथरांतील मोहरीहून बारीक जीवांची कवचे भिंगाखाली पाहिली, आणि दरबारी निवेदन केले, "तळचा थर वीस हजार वर्षांमागील, त्यात थंड पाण्याचे जीव. माथ्याचा थर आजचा. त्यात उष्ण पाण्याचे. समुद्र तापतो आहे, आणि तापले पाणी फुगते. बांध अवश्य."

तेव्हा महाराजांची मर्जी खप्पा जाली. ऐशा पुण्यप्रतापी कारकिर्दीत समुद्राने तापावे, हे कवचांचे औद्धत्य! मग कारभारी राघो बल्लाळ, ज्यांची बुद्धी संकटसमयी विशेष स्फुरत असे, हात जोडोन बोलिले, "शास्त्रीबुवा, नळी उलटी धरा की! इतके पढलात, आणि हे सुचले नाही?"

"नवा थर जुना होईल, कारभारी."

"होईना! समुद्र निवतो की नाही?"

"निवतो."

"मग जाले तर!"

आणि नळी उलटी केली, आणि समुद्र तत्क्षणी थंड जाला, आणि सभेने जयजयकार केला, आणि आपला काळ वीस हजार वर्षांमागे गेला, आपण पुराणपुरुष ठरलो, म्हणोन महाराज बहुत संतोषले, आणि हाच क्रम खरा मानावा, न मानील तो राजद्रोही, ऐसी दवंडी पिटविली.

ती ऐकोन नाखवा शास्त्रीबुवांस पुसता जाला, "म्हंजी म्हाराज होऊन गेले त्याला वीस हजार वर्सं झाली?"

"दवंडी तरी तसेच म्हणते."

"आन् आज राज्य कुनाचं?"

"माथ्याचे थरात नुसते थंडीतले जीव आहेत, बाबा."

"मग त्यांनाच इचारून दगड उचलतो!"

आणि कोळियांनी दगड उचलले, आणि पहारेकरी आडवे आले, आणि नाखवा म्हणाला, "म्हाराज आज हायती म्हनता? दवंडी खोटी म्हनता?" मग राजद्रोहाचे भयाने पहारेकरी बाजूस जाहले, आणि बांध पुरा जाला.

एवंच, राजाने चिरायू व्हावे. प्राचीन होण्याची त्वरा करू नये.