एडक्याच्या वाट्याची बाटली

"माय, ही बाटली उभी करू नको, उन्हात ठेवू नको, हलवू बी नको," म्हणत जीवननं ती काळी, लांब मानेची बाटली रांजणाआड आडवी निजवली.

"बाटली हाय का बाळंतीण?" दगडाबाईनं विचारलं.

आता लेकच तसा. बाप हरिबा दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन नाशिककडं जायचा. एका साली बारावीला आपटलेला जीवन संगं गेला आणि तिथल्या एका द्राक्षमळ्यावरच राहिला. मळ्यावर वाईन करतात. पण दारूचं नाव कसं घ्यायचं म्हणून दगडाबाईनं गावात, चकलांब्यात, सांगितलं, मनुक्याचा कारखाना आहे. शेजारची साखराबाई मुद्दाम विचारायची, कारण तिला खरं ठाऊक होतं. आणि दगडाबाई मान वर करून मनुकेच सांगायची.

"उद्या मालकीणबाई जेवायला येतेत," जीवन म्हणाला. "बाबाच्या हातानं ही उघडायची म्हणत्यात. मी केलेली पहिली वाईन हाय, माय. मळ्यावर येवढी एकच उरली." मग हळूच म्हणाला, "उद्या तरी मनुका म्हणू नको."

"बघू," दगडाबाई म्हणाली. तिच्या 'बघू'त हो आहे की नाही, ते हरिबालाही इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक पाहुणीला घ्यायला फाट्यावर गेले, आणि इकडं गाभण मेंढी हिरवा घास खाऊन फुगली. पोट नगाऱ्यासारखं! तेल पाजायला हवं. पाजायची काचेची बाटली परवाच फुटलेली. प्लॅस्टिकची बाटली मेंढी चावून टाकते. दगडाबाईची नजर रांजणाआड गेली. काय ती मान! थेट घशापर्यंत जाईल.

तिचा विचार सरळ होता. आतलं तांब्यात काढून ठेवायचं, बाटली वापरायची, धुऊन परत भरायचं. दुसरीपर्यंतच शिकलेली असली तरी आकडे तिला येतात. बाटलीवरच्या कागदावर छापलं होतं, २०१८.

"अगं बया! येवढं शिळं?"

उलथन्याच्या दांड्यानं तिनं बूच आत ढकललं. वास घेतला. आंबूस. बोट बुडवून चाखलं. तुरट. नासलंच की! पोरगं हळवं, पहिली म्हणून जपून ठेवली. पण पाहुणीला नासकं पाजलं तर पोराची नोकरी राहील का? त्याची अब्रू वाचवायची म्हणून तिनं सगळी बाटली गव्हाणीतल्या कोंड्यावर ओतली. वाया तरी कशाला घालवायचं? कळपातल्या एडक्यानं, थोरल्या मेंढ्यानं, गव्हाण चाटूनपुसून साफ केली. बाकीच्यांना त्यानं तोंडसुद्धा लावू दिलं नाही.

तेल मेंढीच्या घशात सुरेख उतरलं. थोड्या वेळात ढेकर देऊन ती रवंथ करायला लागली.

पाहुणी आली, पाणी झालं, आणि जीवन म्हणाला, "माय, बाटली आण."

दगडाबाईनं राखेनं घासून लख्ख केलेली बाटली आणली. आत बूच खुळखुळत होतं. "घ्या. वास बी राहू दिला न्हाई!"

जीवनचा चेहरा हळदीसारखा पिवळा झाला. "माय... आतलं?"

"नासलं व्हतं. किती वर्साचं ते! एडक्याला घातलं."

जीवन खाली मान घालून बसला. मालकीणबाई मात्र उठून अंगणात गेल्या. एडका भिंतीला टेकून डुलत होता. त्या हसता हसता खालीच बसल्या.

"हरिबा, ही वाईन झाली त्या साली तुमची मेंढरं आमच्या उतारावर बसवली होती, आठवतं? वाळत चाललेल्या वेली त्या खतानं सावरल्या. तशी वाईन मळ्यावर पुन्हा झाली नाही. म्हणून तर तुमच्या हातानं उघडायची होती. ज्याची होती त्यालाच मिळाली!"

"आन् शिळी न्हवती व्हय?" दगडाबाईनं विचारलं.

"जुनी होईल तशी चांगली होते, आजी."

दगडाबाईनं नवऱ्याकडं एकदा नीट बघितलं. "असं हाय व्हय? मंग ह्येंला ठिवलं ते बरं केलं."

हरिबा मिशीत हसला. जीवन हसला नाही. दगडाबाई त्याच्याजवळ गेली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात कुंपणावरून साखराबाईची मान वर आली. "दगडाबाई, तुमचा एडका कावून झिंगतोय ओ?"

दगडाबाईनं पदर खोचला. "माझ्या जीवननं केलेली वाईन प्यालाय! लई भारी व्हती. दोन हजार अठराची!"

साखराबाईची मान खाली गेली.

जीवननं वर बघितलं.

"आसा काय बघतूस?" दगडाबाई खेकसली. "पुढच्या खेपंला दोन आन. एक एडक्याला लागती."